एका हंड्यातलं औषध

रत्नागिरीहून परतलं की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला: "काय आणलंस?" माघात तिकडं आंबा नसतो, मोहोर असतो, आणि मोहोर पिशवीत भरून आणता येत नाही, हे इकडच्या लोकांना सांगून पटत नाही. ह्या खेपेला मी जे आणलं त्याच्या वासानं शेजारच्या काकूंनी आपली खिडकी उघडायची सोडली. त्याचं पुढं सांगेनच.

मी मुळात कमी बोलणारी. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. पण माझ्या विषयात खाटेवरच्या रोग्यापेक्षा गावं जास्त, वाड्या जास्त, पायपीट जास्त. पन्नाशीला टेकले तरी विभागाच्या बैठकीत माझा आवाज कुणी ऐकलेला नाही. तो ऐकू यायला नको होता असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं जरूर वाचावं.

गोष्ट साधी आहे. ऐंशीच्या हिवाळ्यात, पावसच्या पुढं खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका वाडीत, आम्ही रक्तवाढीचं एक नवं सिरप बायकांना देऊन पाहिलं. अर्ध्या घरांना खरं सिरप, अर्ध्या घरांना तसंच दिसणारं, तशाच चवीचं साखरपाणी. काही महिन्यांनी तपासलं तर सिरपवाल्या बायका सुधारलेल्या, साखरपाणीवाल्या होत्या तिथंच. निबंध छापून आला. त्यावर सरांचं, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांचं नाव, खाली माझं. आता, सत्त्याऐंशीत, मूळच्या रत्नागिरीकरांच्या एका मुंबईच्या धर्मादाय मंडळानं त्या निबंधावर भिस्त ठेवून ठरवत आणलं होतं की किनाऱ्यावरच्या वाड्यावाड्यांत हेच सिरप फुकट वाटायचं. दुसरा विचार होता तो खाडीपलीकडच्या वाड्यांसाठी एक कायमची नर्स आणि तिला फिरायला एक होडी ठेवायचा. दोन्ही होणार नव्हतं. रत्नागिरीत सभा होती आणि तिथं मी दोन शब्द बोलायचे होते.

"चांगले दोन शब्द," सर म्हणाले होते. "तुझं प्रोफेसरपदाचं मी बघतोय, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. पण त्याहून आधीचं एक नाव लक्षात होतं, शेवंती. त्या वाडीतली, आमच्या सिरपच्या यादीतली, बाळंतपणात गेलेली. तिच्यासाठी मी सभेच्या आधीच निघाले.

सावर्डे

कुंभार्ली घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते आणि माणसं बोलायला लागतात. आमच्याकडं देशावर एसटीत शेजाऱ्याशी बोलायचं तर आधी गाव आणि आडनाव निघतं. इथं थेट दुखण्यालाच हात घालतात. सावर्ड्याला गाडीचं चाक बसलं, कंडक्टरनं "उतरा, च्या प्या" म्हणून फर्मावलं, आणि टपरीच्या बाकावर मफलर गुंडाळून बसलेले एक गृहस्थ मला म्हणाले, "काय वो बाय, पित्त काय? तोंड उतरलांय तुमचां."

"गाडी लागते मला. तुम्हाला काय होतंय?"

"खोकला. मुंबईत गोदीत हाय मी. जाताच जात नाय मेला. मुकादम बोलला, गावाला जा, हवा बदल कर."

"आणि बरं वाटलं की?"

"की परत मुंबई. हितं काय खायाचां, कातळ?"

"आणि नाहीच वाटलं तर?"

"मग गाव हायच की," ते वडा मोडत म्हणाले. "आमचां गाव म्हंजे मुंबईचां इस्पितळ. बिल तेवढां येत नाय."

सगळं बाक हसलं. मीही हसले, पण चहा हातातच गार झाला. कारण ह्या माणसाला आज खोकल्याचं औषध दिलं आणि पाच-सहा महिन्यांनी त्याच्या गावी जाऊन चौकशी केली, तर बरा झालेला तो तिथं सापडणारच नाही. तो गोदीत. सापडतील ते न बरे झालेले. औषध चांगलं असून वाईट ठरेल. उलटही करता येतं: जो घरी भेटला नाही तो बरा होऊन मुंबईला गेला असं धरून चालायचं. मग वाईट औषध चांगलं ठरतं. दोन्ही प्रकार होताना मी पाहिलेत. जो भेटत नाही त्याच्या तोंडी आपल्या सोयीचं घालता येतं. खोडून काढायला तो येत नाही.

इंग्रजीतून शिकवताना मी ह्याला 'बायस' म्हणते, पुस्तकी मराठीत पूर्वग्रह म्हणतात. मला वाण्याचा शब्द जवळचा वाटतो: पासंग. दोन्ही पारडी रिकामी असतानाच तराजूची एक बाजू खाली असते ना, तो. अशा तराजूनं तोलणारा लबाडच असायला हवा असं नाही. त्यानं आधी रिकामी पारडी निरखली नाही, एवढंच पुरतं. आणि ज्यानं निरखली, पासंग पाहिला, तरी तोलत राहिला, त्याचं काय? ते पुढं येतंय.

रत्नागिरी

नलू माझी वर्गमैत्रीण. रत्नागिरीत चिऱ्याच्या जुन्या घरात खाली तिचा दवाखाना, वर ती. पोचले तेव्हा ती एका बाईला सांगत होती, "पोराला फणसानं झालं नाही गं. सगळ्या गावानं खाल्ला फणस, तुझंच पोर आजारी पडलं म्हणून तुलाच तो आठवतोय." बाईला ते पटलं नाही. जाताना ती फणसालाच शिव्या घालत गेली.

जेवायला कुळथाचं पिठलं, भात आणि भाजलेली सुकट. पिठल्यात मी भाकरी शोधायला लागले तशी नलू म्हणाली, "पुणेरी खोडी काढू नकोस. इथं पिठलं भातावर. जेव."

"वेळणेश्वरच्या कामाचं पुढं काय झालं?" मी विचारलं. आवाज बारीक झाला, कारण उत्तर मला माहीत होतं. आमच्या मागोमाग हेच सिरप नलूनं वेळणेश्वरच्या बाजूला तपासलं होतं. तिच्या बाटल्यांची बुचं एकाच रंगाची होती. कोणती खरी हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तिचे दोन्ही गट सारखेच निघाले. कागद घेऊन ती पुण्याला सरांकडं आली, सर म्हणाले, "ह्यात काहीच सापडलेलं नाही, छापायचं काय?" कागद कपाटात गेले. कपाटाची किल्ली माझ्याकडंच असते.

"तुझं छापलं, माझं राहिलं," नलू म्हणाली. रागानं नाही, सुकटीचं डोकं मोडता मोडता. "मासळीबाजारात रिकामी टोपली घेऊन कुणी बसतं का गं? बसलेल्या सगळ्यांच्या टोपल्या भरलेल्या. नवखा माणूस म्हणतो, वा, काय मासळी आहे दर्यात! अर्ध्या होड्या कोऱ्या परत आल्या, हे त्याला कोण सांगणार?"

"मी सांगणार आहे. परवा, सभेत."

नलूनं हातातला पेला खाली ठेवला. "तू? अगं, तू वर्गात हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायचीस."

मग मी तिला बुचांचं सांगितलं. बोट टोचून रक्त द्यायला वाडीतल्या बायका तयार नव्हत्या आणि सरांना घाई होती, म्हणून आम्ही खालची पापणी ओढून आतला रंग बघायचो: फिकट, बरा, लाल. बघणारी मी एकटी. कुणाला काय दिलंय हे मला कळायला नको होतं. पण आमच्या बाटल्यांना दोन रंगांची बुचं होती, लाल आणि पांढरी. आणि लाल बुचात खरं औषध, हे सिरप बनवणाऱ्या कंपनीच्या माणसानं पहिल्याच दिवशी चहा पिता पिता हसत सांगून टाकलं. मी सरांच्या कानावर घातलं. सर म्हणाले, "बरं झालं. गोंधळ तरी होणार नाही."

"आणि तू?"

"मी पापण्या ओढत राहिले."

 नलूनं उठून माझ्या पानात आणखी भात वाढला. "खा," म्हणाली. "भांडायला जायचं तर पोटात काहीतरी हवं."

पावसच्या पुढं

पावसला एसटी सोडली आणि चालत निघाले. दोन्ही बाजूंना कलमांच्या बागा, झाडागणिक मोहोर, आणि त्याचा तो गोडसर, किंचित कडवट वास. मग बागा संपून उघडा कातळ लागतो. काळा, खडबडीत, तापलेला. देशावरच्या माझ्या डोळ्यांना ती जमीन नेहमी भाजून काढल्यासारखी दिसते. तिथून उतरलं की खाडी, आणि पलीकडं माडांत दडलेली वाडी. तरीत, पलीकडं नेणाऱ्या होडीत, चढायला पाण्यात उतरताना माझा पाय निसटला, एक चप्पल खाडीनं नेली. तरवाल्यानं ती जाताना शांतपणे पाहिली.

"गेली ती," तो म्हणाला. "आता वाडीत तरी कोन भेटणार तुमाला? बायका बाजारात गेल्या पाटी घेऊन. तुमी तेवा पन अशाच उन्हं वर आल्यावर यायचात."

म्हणजे हेही होतं. भल्या पहाटे पाटी डोक्यावर घेऊन निघणाऱ्या, सर्वांत राबणाऱ्या बायका आमच्या तपासणीत कधी आल्याच नव्हत्या. आम्हाला भेटल्या त्या घरी राहू शकणाऱ्या. आणि आम्ही निबंधात लिहिलं होतं, 'किनाऱ्यावरील स्त्रिया'.

एका पायात चप्पल घालून मी वाडीत शिरले. अनशीकाकी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जाळं शिवत बसली होती. ही शेवंतीची सासू. तिनं डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाली, "अगो बाय, ही डोळे वढणारी!"

वाडीत माझं नाव हे होतं, हे मला तेव्हा कळलं.

"काकी, मला शेवंतीबद्दल बोलायचंय."

तिचा हात थांबला. "बोला. माज्या हंड्याबद्दल बोलायला आलात ना? सगळी बोलतात, तुमी पन बोला."

"कसला हंडा?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी सोंग करते आहे. मग जाळं बाजूला सारलं.

"तुमच्या बाटल्या आल्या ना, त्या दिवशी वाडीत भांडण लागलां. एका घरात लाल बूच, दुसऱ्यात पांढरां. थोरल्या जावेच्या घरी पांढरां, धाकटीच्या घरी लाल. बायका बोलल्या, ह्यात कायतरी हाय. एकीला दूध नि एकीला पेज, असां आमच्यात चालत नाय. रापणीला, सगळ्यांनी मिळून जाळां वढताना, जो दोरीला हात लावतो त्याला वाटा, मग तो कोन का असंना. तरीतनं उतरलेला माल तो सगळ्यांचा. मीच बोलले, आना सगळ्या बाटल्या."

"आणि?"

"आनि काय! लग्नातला हंडा काढला, वतल्या सगळ्या. पळीनं ढवळलां नि परत ज्याच्या त्याच्या बाटलीत भरून दिलां. दर खेपेला. तुमी तरीत बसलात की हंडा भायेर."

मी खळ्यात खालीच बसले. "मला कुणी सांगितलं नाही!"

"तुमी इचारलात कुठं? तुमी इचारायचात, 'काकी, बरां वाटतां ना?' घरी आलेल्या मानसाला 'नाय वाटत' असां कोन सांगतां? तुमच्या पुण्यात सांगतात?"

पुण्यात सांगतात. पण ते बोलायची ती वेळ नव्हती. लाल बूच, पांढरं बूच, आत एकच पाणी. ह्या वाडीतल्या प्रत्येक बाईनं एकाच हंड्यातलं औषध घेतलं होतं. आणि तरी मी लाल बुचाच्या बायकांच्या पापण्यांत रक्त चढलेलं पाहिलं होतं, पांढऱ्या बुचाच्या बायकांच्या पापण्या फिकट पाहिल्या होत्या. मी खोटं लिहिलं नव्हतं, हेच वाईट. मला तसं दिसलं होतं. छापलेला सगळा फरक बाटलीत कधी नव्हताच. तो बूच पाहून मग पापणी पाहणाऱ्या डोळ्यांत होता.

"हंड्यानं माजी सून खाल्लीन," काकी म्हणाली.

"असं कोण म्हणतं?"

"म्हादेव. माज्या पोटचा झील, पन झील न्हवे तो आता, नुसता शेजारी हाय. शेवंती गेली तेवा तुमी आलात, रडलात, नि त्याला बोललात, 'असां कसां झालां, तिची तर लाल बुचाची होती, खऱ्या औषधाची.' त्या दिवसापासनं तो माज्या हातचां जेवत नाय. बोलतो, माज्या बायकोचां औषध तू गावाला वाटलांस. पलीकडं चूल मांडलीन त्यानं. सगळी वाडी त्याच्या बाजूनं. ज्यांनी माज्या हंड्यातलां प्यालां, ती पन."

मी ते वाक्य बोलले होते हे मला आठवतही नव्हतं. ती सहा-सात वर्षं त्या वाक्याखाली राहत होती. आणि दुसऱ्या दिवशीच्या सभेत मी ते सिरप चांगलं म्हटलं की तिच्यावरचा आरोप चार माणसांत कायमचा पक्का होणार होता.

मग मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. तिच्या शेवटच्या तपासणीला, अभ्यास संपायच्या आधी, शेवंती म्हणाली होती, विहिरीवरून घरी येईस्तोवर तीन वेळा बसावं लागतं. मी तिची पापणी ओढली. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी होती. मी बाटलीकडं पाहिलं, लाल बूच. पुन्हा पापणीकडं पाहिलं, आणि ह्या वेळी ती मला बरी दिसली. मी 'बरी' लिहिलं. 'बरी' असलेल्या बाईला रत्नागिरीच्या इस्पितळात कशाला पाठवायचं? तिथं रक्त तरी भरलं असतं. तिला पांढरं बूच असतं तर मी तिला त्याच दिवशी पाठवली असती. पुढं ती बाळंतपणात रक्त जाऊन गेली, आणि निबंधात आम्ही तिला मोजलंच नाही. अभ्यास अर्ध्यावर सोडून गेलेल्यांत घातली. मेलेल्या बाईला आम्ही 'गळलेली' म्हटलं.

"त्या सिरपात काही नव्हतं, काकी. वेळणेश्वरला पाहिलंय. हंड्यात ओतलं म्हणून काही गेलं नाही. मी पाठवली नाही, हे माझं."

काकी उठली. मला वाटलं हात उगारते. तिनं तो दाराच्या चौकटीवर टेकवला.

"इतकी वर्सां कुठं होतात?"

 ती आत गेली. मी उरलेली चप्पल पायात घालायला लागले, तेवढ्यात आतून आवाज आला, "कुठं चाललात? जेवल्याबिगर जायाचां नाय. राग तो राग, जेवण तां जेवण."

तांदळाची भाकरी आणि शिंपल्यातल्या तिसऱ्यांची आमटी. तिनं माझ्याकडं न बघता वाढली, न बघता ताट उचललं. हात धुवायला पाणी घालताना मात्र बोलली.

"मला सांगून काय उपेग? मी हंडा ढवळलाय, मला ठावक हाय. तां सभेत सांगा. चार मानसांत माजां तोंड काळां झालां, चार मानसांतच धुवायचां."

सभा

मंडळाचे अध्यक्ष भले गृहस्थ होते, हे आधी सांगते. लबाडांशी भांडणं सोपं असतं. पावसकडचेच, मुंबईत उभे राहिलेले, गावासाठी काही करावं ह्या कळकळीचे. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या भरलेल्या, टेबलावर सिरपच्या बाटल्यांची आरास. आता त्यांची बुचं सोनेरी होती. मागच्या बाजूला, डोक्यावरचा पदर घट्ट धरून, काकी. आणि दाराच्या चौकटीबाहेर, पाऊल आत न टाकता, महादेव. निरोप मी पाठवला होता. येईल असं वाटलं नव्हतं.

अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली ती 'आपल्या सिरपच्या आधारस्तंभ' अशी. मी उभी राहिले.  

"ह्या सिरपनं रक्त वाढतं असं मी छापलंय," मी म्हटलं. "ते मागं घ्यायला आले आहे."

 मी बुचांचं सांगितलं, हंड्याचं सांगितलं. एकाच हंड्यातलं पाणी दोन पेल्यांत होतं आणि एक गोड लागतं असं मी छापून दिलं, असं सांगितलं. वेळणेश्वरच्या, कपाटातल्या कागदांचं सांगितलं. सिरप बनवणाऱ्यांनीच आमच्या तपासणीचा खर्च केला होता, तेही सांगितलं. शेवंतीचं नाव घेऊन, ती गळली नव्हती, मेली होती, हे सांगितलं. "आणि जिनं हंड्यात औषध एकत्र केलं तिनं कुणाचं काही नेलं नाही. त्यात न्यायला काही नव्हतंच. माझी चूक तिच्या नावावर मांडली गेली. ती आजपासून माझ्या नावावर मांडा."

अध्यक्ष दुखावले होते. "पण बाई, मी स्वतः हे घेतो. मला फरक वाटतो."

"कधीपासून घेता?"

"दिवाळीपासून."

"आणि सकाळचं फिरणं?"

 त्यांच्या पत्नी पहिल्याच रांगेतून म्हणाल्या, "तेसुद्धा दिवाळीपासूनच!" हॉल हसला. अध्यक्षही, थोडे उशिरा.

एक तरुण डॉक्टर उठले. "निबंध तुमचाच आहे ना? मग आज कशावर विश्वास ठेवायचा, तेव्हाच्या बाईंवर की आत्ताच्या?"

"दोघींवरही ठेवू नका," मी म्हटलं. "सगळ्या बाटल्यांना एकाच रंगाची बुचं लावा, बोट टोचून रक्त तपासा, आणि पापणी ओढायला मला बोलावू नका. काही सापडलं नाही तर तेही छापा. आणि तोवर खाडीपलीकडं नर्स पाठवा. तिला पापणी फिकट दिसली तर ती बूच बघणार नाही, होडी काढेल."

काकी मागून मोठ्यानं म्हणाली, "आयकलांस?" ते अध्यक्षांना नव्हतं. दाराकडं तोंड करून होतं. दारात आता कुणी नव्हतं.

सिरपचा ठराव त्या दिवशी बाजूला ठेवला गेला. नर्सचं 'बघू' असं ठरलं. 'बघू'चा अर्थ मला माहीत आहे. म्हणून मी पुन्हा जाणार आहे, पुन्हा विचारणार आहे. संध्याकाळी नलूच्या घरी सरांचा ट्रंक कॉल आला. बातमी माझ्या आधी पुण्याला पोचली होती.

"तू मला तोंडघशी पाडलंस," ते म्हणाले.

"सर, आपण दोघंही केव्हाचे पडलेलो होतो. मी उठले."

असलं वाक्य मी आयुष्यात कुणाला बोललेली नाही. फोन ठेवला तेव्हा नलू दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती.

रापण

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाडीत गेले, काकीचा निरोप घ्यायला. सुरुवातीला ज्या वासाचं म्हटलं तो ह्या सकाळचा: खारवलेल्या मासळीचं ते पुडकं कंडक्टरशी भांडून मी पुण्यापर्यंत आणलं, आणि सरांनी प्रोफेसरपदाचं बघणं सोडलं त्या दिवशी त्याचंच कालवण केलं.

वाळूवर रापण लागली होती. होडीनं पाण्यात जाळ्याचा मोठा वळसा घातलेला, त्याच्या दोन दोऱ्या किनाऱ्यावर, आणि दोऱ्यांना सगळी वाडी. म्हातारे, पोरी, बाजाराला न गेलेल्या बायका. दोरीच्या टोकाशी महादेव होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"इस्पितळात पाठवली असतीत," तो दोरी ओढता ओढता म्हणाला, "तर वाचली असती?"

"माहीत नाही. पण पाठवायला हवी होती."

"हां."

एवढंच. मग त्यानं मानेनं दोरी दाखवली. मी पकडली. तळहातांची सालं निघाली, पदर ओला झाला, कुणी त्याची दखल घेतली नाही. जाळं वर आलं तेव्हा आत बांगडे होते, थोडी कोळंबी, एक चिडलेला खेकडा. महादेवनं वाळूवर वाटे मांडायला सुरुवात केली. काही ढीग मोठे वाटत होते, काही लहान, आणि मी नकळत अंदाज बांधायला लागले की कोणता कुणाला जाईल.

"बाय, तुमी हितं या," महादेवनं हाक मारली. "दर्याकडं तोंड करा. मागं बघायचां नाय. मी वाट्यावर हात ठेवून इचारतंय, तुमी घराचां नाव घ्यायचां."

"मी? मला कशाला?"

"तुमाला घरां पाठ हायत. नि तुमाला कंचा वाटा मोठा तां दिसता कामा नये."

"बघितलांत तर वाटा बाद हां," काकी मागून ओरडली. "सगळी मासळी परत एकत्र करायची मग. आमच्यात आसांच हाय, आज्याच्या काळापासनं."

पाठीमागं सगळी वाडी हसली. मी समुद्राकडं तोंड करून उभी राहिले. उन्हं पाण्यावर आली होती, डोळे दिपत होते.

"हा कोनाचा?"

मी एका घराचं नाव घेतलं. वाळूत पावलं वाजली.

"हा कोनाचा?"

दुसरं घेतलं. मग तिसरं. मग आवाज पुन्हा आला, "हा?"

"अनशीकाकीचा."

मागं काही वाजलं नाही. लाट आली, गेली. मग पाटीत मासळी पडल्याचा आवाज झाला आणि महादेव म्हणाला, "आये, उचलू नको तू. मी आनतंय घरी. चूल पेटव."

मला मागं वळून बघायचं होतं. फार बघायचं होतं. पण वाटे अजून संपले नव्हते.